एकच पाय अचानक सुजला तर: शिरेतल्या गुठळीच्या खुणा ओळखणे

राउंड_संपला

पावसाळ्यात मुंबईत पाय सुजायला कारणं ढिगाने असतात. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर बोटांच्या बेचक्यातून जंतू शिरतात आणि सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, होतो. कुणाला जुना हत्तीपाय असतो, कुणाला व्हेरिकोज व्हेन्स, कुणाला रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असते, कुणी दुकानात दहा तास उभं असतं. या गर्दीत पायाच्या खोल शिरेतली गुठळी, म्हणजे डीव्हीटी, हरवून जाते. गणपतीला गावी जाणाऱ्यांच्या गाड्या भरायच्या आत हा धागा काढतोय.

खुणा अशा. सूज एकाच पायाला आणि एक-दोन दिवसांत वाढलेली. पोटरीत गोळा आल्यासारखं दुखणं, पण साधा गोळा काही मिनिटांत सुटतो, हे दुखणं दिवसभर मुक्कामाला राहतं आणि चालताना वाढतं. पाय हाताला गरम लागतो. पुस्तकात 'लाली' लिहिलेली असते, ती आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर बहुतेक दिसतच नाही. कातडी ताणलेली, चकाकती किंवा किंचित गडद दिसते. कधी नडगीवर नेहमी न दिसणाऱ्या शिरा उठून येतात.

यातली एकही खूण एकटी भरवशाची नाही. म्हणून खुणेबरोबर कारण शोधायचं. गेल्या तीन महिन्यांत मोठं ऑपरेशन? पायाला प्लास्टर? तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळणं? बाळंतपण? कॅन्सर किंवा त्याची केमोथेरपी? इस्ट्रोजेन असलेली गोळी? आधी कधी गुठळी झालेली? एक खूण आणि एक कारण जमलं की त्याच दिवशी डॉक्टर आणि डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी. 'दोन दिवस बघू' हा सल्ला इथे चालत नाही. आणि डॉक्टरांना फक्त 'पाय दुखतोय' सांगून थांबू नका, कारण आधी सांगा. पाच मिनिटांच्या ओपीडीत 'तीन आठवड्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय' हे वाक्य अर्धं निदान करून टाकतं.

परळची_परिचारिका

सूज डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. शिंप्याची टेप पुरते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून बरोबर १० सें.मी. खाली पेनने खूण करा, दोन्ही पायांवर. टेप कातडीला टेकवायची, आवळायची नाही. दोन्ही पोटऱ्यांत ३ सें.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर तो मोजण्यातला फरक नव्हे. खूण पुसू नका, दुसऱ्यांदा मोजायची वेळ आली तर तिथेच मोजता येईल.

मग नडगीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला आणि तो एकाच पायाला असला तर तेही सांगा. दोन्ही पायांना सारखाच खळगा असेल तर संशय आधी हृदय, किडनी, लिव्हर किंवा औषधांवर जातो.

पाऊल वर वाकवून 'पोटरीत दुखतं का' बघायची जुनी तपासणी घरी करू नका. गुठळी असून दुखत नाही आणि नसून दुखतं, दोन्ही होतं.

एका_पायावर

डॉप्लरला अपॉइंटमेंट मिळेपर्यंत डी-डायमरची रक्ततपासणी करून घेतली तर चालेल का? लॅबवाला घरी येतो आणि रिपोर्ट संध्याकाळी मिळतो.

रेषा_आणि_छाया

चालेल, पण कुणाला ते समजून घ्या. डी-डायमरचा उपयोग गुठळी नाही असं म्हणण्यापुरता. संशय कमी आहे आणि आकडा मर्यादेच्या आत आला तर सुटलात. आकडा जास्त आला तर काहीच सिद्ध होत नाही. डेंग्यू, न्यूमोनिया, ऑपरेशन, गरोदरपण, बाळंतपण, कॅन्सर, नुसतं वय, सगळ्यांत तो वाढतो. ज्यांना मुळात जोरदार कारण आहे त्यांचा डी-डायमर बहुधा वाढलेलाच निघणार, तेव्हा त्यांनी थेट डॉप्लरलाच जावं.

आता एककांची गोम. काही लॅब एफईयू या एककात रिपोर्ट देतात, काही डीडीयूमध्ये. एफईयूमध्ये मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मि.लि., डीडीयूमध्ये साधारण त्याच्या निम्मी, २५०. म्हणजे ४०० हा आकडा एका कागदावर नॉर्मल आणि दुसऱ्यावर वाढलेला. मोबाइलवर नुसता आकडा पाठवून 'ठीक आहे का' विचारणाऱ्यांनी एकक आणि लॅबची मर्यादाही पाठवावी. पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी मर्यादा धरतात (एफईयूमध्येच), सत्तरीच्या माणसाला ७००.

डॉप्लरमध्ये खरी तपासणी रंगांची नसते, दाबाची असते. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत दर एक-दोन सें.मी.वर प्रोबने शीर दाबतात. निरोगी शीर पूर्ण चपटी होते. गुठळी असलेली होत नाही. रिपोर्टमध्ये 'नॉन-कॉम्प्रेसिबल' दिसलं की गुठळी तिथे आहे असं समजा. पोटरीच्या शिराही बघितल्यात का, ते विचारा. फक्त मांडीपर्यंत बघून नॉर्मल म्हटलं असेल आणि संशय कायम असेल तर साधारण आठवड्याने पुन्हा करतात, कारण पोटरीतली छोटी गुठळी तेवढ्यात वर सरकू शकते.

रिपोर्टमधली एक जुनी फसगत लक्षात ठेवा. 'सुपरफिशियल फिमोरल व्हेन' ही नावाने वरची असली तरी खोल शीर आहे. तिच्यात गुठळी म्हणजे डीव्हीटीच, पूर्ण उपचार लागतात. हल्ली बरेच जण नुसतं 'फिमोरल' लिहितात, पण जुना शब्द अजून छापला जातो.

एका_पायावर

आणि रविवार संध्याकाळ असेल तर? सेंटर बंद.

राउंड_संपला

तर सोमवारची वाट बघत बसायचं नाही. संशय पुरेसा असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल तर डॉक्टर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा पहिला डोस आधी देतात आणि २४ तासांच्या आत तपासणी करवतात. हा निर्णय डॉक्टरचा. पण हा रस्ता आहे हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे फोनवर नेमकं विचारता येईल.

औषधवाला_दादर

काउंटरवरून दिसणाऱ्या गोष्टी लिहितो.

एक, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपती, पूजा, लग्न आलं की नोरेथिस्टेरॉन मागायला रांग लागते. डोस बहुधा ५ मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. समज असा की यात इस्ट्रोजेन नाही, म्हणजे गुठळीची भीती नाही. पण या मोठ्या डोसमध्ये नोरेथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असतं तेच. आधी गुठळी झालेली, आईला किंवा बहिणीला कमी वयात झालेली, वजन खूप, सिगारेट, नुकतंच ऑपरेशन, ऑरावाली मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येतात ती), यातलं काही असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि दुकानदारानेही देऊ नये. मैत्रिणीच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या तर नाहीच. त्यात या गोळ्या चालू असताना मुंबई-कोकण रात्रभर बस म्हणजे दोन कारणं एकावर एक.

दोन, अ‍ॅस्पिरिन. पाय सुजला म्हणून घरातल्या हृदयरुग्णाची इकोस्प्रिन घेतात. खोल शिरेतल्या गुठळीवर तो उपचार नाही. दुखणं थोडं कमी वाटतं आणि दिवस वाया जातो.

तीन, दुखण्याचं इंजेक्शन. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना कमरेत टोचून घेऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्याही टाळा, पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. साधं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना सांगून. अंगावरून जास्त जातंय म्हणून घेतली जाणारी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड गुठळीच्या पेशंटला देत नाहीत.

चाळ_नंबर_चार

औषधवाले, तुमच्या पहिल्या मुद्द्याने बायका माला-एन पण बंद करतील. मग नको असलेली गरोदरपणं. भीती घालताना प्रमाणही सांगा.

राउंड_संपला

बरोबर आक्षेप. लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीने, आणि माला-एन त्यातलीच, दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला साधारण ५ ते ७ जणींना गुठळी होते. गोळी न घेणाऱ्यांत २. गरोदरपणात याहून जास्त, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तर कितीतरी जास्त. कारण नसताना चालू गोळी बंद करू नका. वर औषधवाल्यांनी दिलेली यादी ज्यांना लागू होते त्यांनी दुसरं साधन विचारावं, कॉपर-टीसारखं, ज्यात हार्मोन नाही.

परळची_परिचारिका

बाळंतिणीचं निघालंच आहे तर सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत नेमकं इथेच चुकतं.

गरोदर बाईला गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते. पोटात डाव्या पायाची मोठी शीर उजवीकडच्या धमनीखाली दाबली जाते, वर गर्भाशयाचा भार. गुठळी वरच्या भागात असेल तर पोटरी जवळपास नॉर्मल राहते आणि दुखणं जांघेत, कुल्ल्यात किंवा कमरेत. मांडीपासून अख्खा पाय जड होतो. 'दिवस भरत आले की पाय सुजतातच' हे खरं, पण ते दोन्ही.

बाळंतपणानंतर मालिशवाली येते. दोन्ही पाय तेल लावून रगडते. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, दुखरा, गरम असेल तर त्या दिवशी पायाला मालिश बंद, शेकही बंद, आधी डॉक्टर. ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला सैल चिकटलेली असते. रगडल्यावर तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. मालिशवालीला दोष देण्यात अर्थ नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. घरातल्या थोरल्या बाईने पहिल्या दिवशीच सांगून ठेवावं.

दुसरं, पाणी. काही घरांत अजून बाळंतिणीला पाणी मोजून देतात, 'पोट सुटेल' म्हणून. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, आणि बाळंतपणानंतरचं रक्त तसंही गोठायला टपलेलं असतं. गुठळी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेतही होते. खुणा: वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, फिट, एका हाता-पायातला जोर जाणं. कमरेत भूल दिलेल्या सिझेरियननंतर डोकं दुखतं ते बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर उतरतं. आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी डोकेदुखी वेगळी, ती 'भुलीचं डोकं' म्हणून सोडू नका. फिट आली तर 'बाहेरचं' शोधत बसू नका. थेट हॉस्पिटल.

रेषा_आणि_छाया

भर: यात साधा सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. शिरांची तपासणी म्हणजे एमआर किंवा सीटी व्हेनोग्राम मागितला जातो. आणि मेंदूत थोडा रक्तस्राव दिसला तरी यात हेपरिन देतात, कारण रक्तस्राव शीर तुंबल्यामुळेच झालेला असतो. नातेवाईक इथे हमखास अडवतात, 'रक्त आलंय आणि पातळ करायचं औषध कसं देता'. अडवू नका.

चाळ_नंबर_चार

गुठळी छातीत गेली हे कसं ओळखायचं? आमच्याकडे धाप लागली की पहिला शब्द 'गॅस'.

राउंड_संपला

गॅस, अशक्तपणा, टेन्शन, तिन्ही नावांखाली ही गुठळी घरीच पडून राहते. अचानक सुरू झालेली धाप. खोल श्वास घेतल्यावर एका बाजूला सुरी खुपसल्यासारखं टोचणं. थुंकीत रक्त. बसल्या जागी नाडी १०० च्या वर. उभं राहताना चक्कर, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बेशुद्ध पडणं. सगळं एकदम असेलच असं नाही, कित्येकदा नुसती धाप आणि वेगाची नाडी एवढंच. पायाला काही न होताही छातीत गुठळी असू शकते, पायाचा डॉप्लर नॉर्मल आला म्हणून छाती मोकळी ठरत नाही.

ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, लहान-मध्यम गुठळीत आकडा नॉर्मल राहतो. ईसीजीतही बऱ्याचदा फक्त वेग दिसतो. निदान होतं फुप्फुसाच्या सीटी अँजिओने. त्यात शिरेतून डाय देतात, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

परळची_परिचारिका

आणि पेशंटला चालवू नका. मुंबईतला खरा प्रश्न जिन्याचा आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून 'हळूहळू उतर' म्हणतात आणि पेशंट मधल्या माळ्यावर कोसळतो. हात नसलेली मजबूत खुर्ची घ्या, बसवून चादरीने छातीशी आणि मांड्यांशी बांधा, एक जण पाठीमागून, एक पायांकडून, तिसरा दिवा आणि वाट धरायला. पायांकडचा माणूस पुढे, पेशंटचं तोंड उतारणीकडे.

१०८ला फोन करताना सांगायचं: 'अचानक श्वास लागलाय, अमुक दिवसांपूर्वी ऑपरेशन झालंय, मजला तिसरा, लिफ्ट नाही.' जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये थांबून तास घालवण्यापेक्षा रात्रीही सीटी होते तिथे न्या. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे यांच्या अपघात विभागात थेट जायचं, ओपीडीच्या केसपेपरच्या रांगेत नाही. चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाका, यादी आठवत बसायला लागू नये.

देवगड_हापूस

लसूण, आलं, जळवा लावणं याने गुठळी विरघळते म्हणतात. आणि कोव्हिडच्या लशीचं काय?

औषधवाला_दादर

लसूण भाजीत घाला. हेपरिनसुद्धा गुठळी विरघळवत नाही. ते तिची वाढ थांबवतं, विरघळवण्याचं काम शरीर आठवडे-महिने घेऊन करतं, म्हणूनच उपचार किमान तीन महिने चालतात. पाय उतरला म्हणून पंधराव्या दिवशी गोळ्या बंद करणारे पुन्हा येतात. जळवा तर विसरा, चावलेली जागा तासन्‌तास वाहते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच.

कोव्हिशील्डनंतरची दुर्मिळ गुठळी डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली होती. आज पाय सुजला तर तिकडे बोट दाखवून उपयोग नाही.

देवगड_हापूस

बरं. मग गावच्या बसचं सांगा. बारा-चौदा तास बसून जायचंय, सासऱ्यांचं वय बहात्तर.

राउंड_संपला

चार तासांहून लांब प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो इतका लहान की निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात चार तासांहून लांब विमानप्रवासासाठी सुमारे ६,००० मध्ये एक असा आकडा होता. ज्यांच्याकडे आधीच कारण आहे त्यांनी जपायचं.

दर अर्ध्या तासाला टाच टेकवून पंजा वर, पंजा टेकवून टाच वर, वीस-तीस वेळा. पोटरी आकुंचन पावली की रक्त वर ढकललं जातं. बस थांबली की खाली उतरायचं, वडापावसाठी तरी. बॅग पायाखाली ठेवून गुडघे दुमडून बसू नका. झोपेची गोळी नको. आणि वाटेत शौचालय मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणी तोडतात, ते करू नका. बस थांबण्याची ठिकाणं आधीच विचारून ठेवा.

जास्त धोका असलेल्यांना गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे, प्रवासासाठी १५ ते २० मि.मी. दाबाचे. माप सकाळी, सूज नसताना, घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून. ढिला मोजा निरुपयोगी, गुडघ्याशी गोळा होणारा त्याहून वाईट, कारण तो दोरीसारखा आवळतो. पायाच्या धमन्या अरुंद असलेल्यांनी, म्हणजे थोडं चाललं की पोटऱ्या भरून येणाऱ्यांनी आणि पाय गार पडणाऱ्या मधुमेहींनी, विचारल्याशिवाय घालू नयेत.

रेषा_आणि_छाया

याच्याशी जोडून, पाय गार, फिकट, बधिर आणि एकदम असह्य दुखणारा असेल तर तो हा विषयच नाही. ती धमनीतली गुठळी. सूज नसते, घोट्याची नाडी लागत नाही. तिथे सुमारे सहा तासांत रक्तपुरवठा परत सुरू व्हावा लागतो, नाहीतर पाय जाऊ शकतो. डॉप्लरची अपॉइंटमेंट घेत बसू नका, रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. तसंच शिरेच्या गुठळीत अख्खा पाय निळा-जांभळा पडून प्रचंड सुजला तर तीही तितकीच घाई.

उलट, कातडीखाली दोरीसारखी कडक, दुखरी शीर लागत असेल तर बहुधा वरच्या शिरेचा दाह. त्यालाही डॉप्लर हवाच. लांबी ५ सें.मी. किंवा जास्त असेल, किंवा जांघेजवळ असेल, तर रक्त पातळ ठेवणारं औषध देतात.

एका_पायावर

शेवटचं विचारतो. गोळ्या सुरू झाल्यावर एखादी चुकली तर? आणि पालेभाजी बंद करायची का?

औषधवाला_दादर

कोणती गोळी त्यावर. रिव्हारोक्सॅबॅन पहिले २१ दिवस १५ मि.ग्रॅ. दोनदा असते. त्या काळात एक चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दोन एकदम घेतल्या तरी चालतं, दिवसाचे ३० पूर्ण झाले पाहिजेत. पुढे २० मि.ग्रॅ. एकदा झाल्यावर त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. १५ आणि २० दोन्ही जेवणासोबतच, उपाशीपोटी नीट शोषल्या जात नाहीत. चतुर्थीचा निर्जळी उपास असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. अ‍ॅपिक्सॅबॅन पहिले ७ दिवस १० मि.ग्रॅ. दोनदा, मग ५ दोनदा, जेवणाची अट नाही. चुकली तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर, पण दुप्पट नाही.

पालेभाजीची भानगड वॉर्फरिन आणि एसिट्रॉम या रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्यांना आहे, वरच्या दोघींना नाही. त्यातही बंद करायची नसते. आठवड्यात जितकी मेथी-पालक नेहमी खाता तितकीच ठेवा. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी अजिबात नाही, असं केलं की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली नाचतो. तो बहुतेकांचा २ ते ३ मध्ये ठेवतात.

काळी डांबरासारखी शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागला, तर पुढची गोळी न घेता थेट अपघात विभाग. डोक्याला मार लागून काही होत नसलं तरी. आणि गोळ्यांचं पाकीट संपायच्या चार दिवस आधी नवीन आणा, गणपतीत दुकानं लवकर बंद होतात आणि गावात हे औषध मिळेलच असं नाही.